चार जीबीच्या चौकटीत

२२ ऑगस्ट २०२२ रोजी स्टेबल डिफ्यूजन नावाचं, शब्दांवरून चित्र काढणारं मॉडेल सगळ्या जगाला खुलं झालं. इंटरनेटवरून उतरवून घ्यायची ती एकच फाइल, आकाराने साधारण चार जीबी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टीम या गेमविक्रीच्या मंचाने ग्राहकांच्या संगणकांची जी मासिक पाहणी केली, तिच्यात सर्वांत जास्त यंत्रांत सापडलेलं ग्राफिक्स कार्ड होतं एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. त्याच्यावरची मेमरीही चार जीबी. म्हणजे फाइल चार जीबीची आणि ती जिथे उघडायची ती जागाही तेवढीच. चित्र प्रत्यक्ष घडायला लागणारी मोकळी जागा उरतच नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे ज्यांनी हौसेने ती फाइल उतरवली, त्यांच्यातल्या असंख्य लोकांना आधी चित्र दिसलंच नाही. दिसली ती काळ्या खिडकीतली एक ओळ, 'कुडा आउट ऑफ मेमरी'. त्या ओळीपुढे हिशेबही मांडलेला असतो. इतकी जागा मागितली, एकूण इतकी आहे, त्यातली इतकी आधीच भरलेली, आणि शिल्लक अमुक.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत वेगाचं कौतुक फार होतं. पण वेग कमी असला तर चित्र उशिरा येतं. जागा कमी असली तर येतच नाही. घरच्या यंत्रावर चित्रं काढणाऱ्यांची खरी टंचाई जागेची आहे. कार्डावर किती जागा द्यायची हे कंपन्या ठरवतात. मिळालेली जागा पुरवून वापरायची विद्या मात्र लोकांनी उभी केली, आणि गेल्या काही वर्षांत ती इतकी पुढे गेली की तिची नीट नोंद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आधी ही जागा म्हणजे काय ते पाहू. ग्राफिक्स कार्डावर एक चिप असते आणि तिला खेटून तिची स्वतःची मेमरी, जिला सगळे व्हीरॅम म्हणतात. स्वयंपाकघरातला ओटा असतो तशी ही जागा आहे. कोठीच्या खोलीत पोत्यांनी धान्य असलं तरी चिरणं, मळणं, लाटणं ओट्यावरच व्हायचं. संगणकाची साधी रॅम म्हणजे ती कोठी. जीटीएक्स १६५० आपल्या व्हीरॅममधून सेकंदाला १२८ जीबी या वेगाने माहिती उचलू शकतं. तीच माहिती मदरबोर्डावरच्या रॅममधून आणायची तर वाटेतली पीसीआय एक्स्प्रेसची वाहिनी, तिसऱ्या पिढीची आणि पूर्ण रुंदीची धरली तरी, सेकंदाला १६ जीबीच्या आसपास थांबते. आठपट फरक. चित्र घडताना हाच हेलपाटा पुन्हापुन्हा घालावा लागला की सेकंदांची मिनिटं होतात.

खरं म्हणजे स्टेबल डिफ्यूजनचा जन्मच जागेच्या टंचाईतून झाला. जर्मनीत ब्योर्न ओमर यांचा संशोधन गट आधी हायडेलबर्गला आणि नंतर म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात काम करत होता. रॉबिन रोम्बाख, आंद्रेआस ब्लाटमान, डॉमिनिक लोरेंझ, पॅट्रिक एसर आणि ओमर या पाच जणांनी डिसेंबर २०२१ मध्ये एक शोधनिबंध मांडला. डिफ्यूजन पद्धत तेव्हा नवी नव्हती. चित्रात थोडा थोडा गोंगाट मिसळत ते पार पुसून टाकायचं आणि गोंगाटातून चित्र परत कसं काढायचं हे मॉडेलला शिकवायचं, हे इतरांनी आधीच केलं होतं. अडचण अशी होती की हे सगळं थेट पिक्सेलवर चाले, आणि एवढं गणित विद्यापीठाच्या खिशाला परवडण्यासारखं नव्हतं. या पाच जणांनी पिक्सेल सोडून दिले. ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या रंगीत चित्रात ७,८६,४३२ आकडे असतात. त्यांनी आधी ते चित्र आवळून ६४ बाय ६४ च्या चार थरांत बसवलं, म्हणजे १६,३८४ आकड्यांत. अठ्ठेचाळीसावा हिस्सा. गोंगाट मिसळणं, काढणं, सगळा खेळ या आवळलेल्या रूपावर चालवायचा आणि शेवटी एकदाच ते उलगडून पिक्सेल करायचे. एवढी एक कल्पना सुचली नसती तर हे तंत्र मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरबाहेर पडलंच नसतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेलं डॅल-ई २ तर बाहेर पडलं नव्हतंच. ते ओपनएआयच्या यंत्रांवर चाले आणि लोकांनी खिडकीतून मागणी नोंदवायची.

प्रशिक्षण मात्र स्वस्तात झालं नाही. स्टॅबिलिटी एआय या कंपनीने पुरवलेली एनव्हिडियाची २५६ ए१०० कार्डं त्यासाठी राबली. पण एकदा शिकून झालेलं मॉडेल चालवायला तेवढं लागत नाही, आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

मॉडेलचे तीन अवयव आहेत. पहिला, लिहिलेलं वाक्य वाचून त्याचे आकडे करणारा, १२ कोटींहून थोडे अधिक आकडे असलेला. दुसरा, गोंगाट उपसणारा मुख्य भाग, ज्याला यू-नेट म्हणतात. त्याच्यात ८६ कोटी आकडे. तिसरा, शेवटी चित्र उलगडणारा. प्रत्येक आकडा नेहमीच्या पद्धतीने ४ बाइटमध्ये ठेवला तर एकट्या यू-नेटला ३.४४ जीबी लागतात. तोच आकडा २ बाइटमध्ये, म्हणजे अर्ध्या अचूकतेने ठेवला तर १.७२ जीबी. चित्रात डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही. पहिली काटकसर ती हीच.

पण मॉडेल मावलं म्हणजे भागलं नाही. काम चालू असताना जी तात्पुरती जागा लागते ती जास्त छळते. यू-नेटमध्ये 'अटेन्शन' नावाची एक पायरी आहे. तिथे चित्राचा प्रत्येक ठिपका बाकीच्या प्रत्येक ठिपक्याकडे बघून ठरवतो की आपला कोणाशी किती संबंध. ६४ बाय ६४ म्हणजे ४,०९६ ठिपके. त्यांच्या जोड्यांचा तक्ता झाला १ कोटी ६८ लाख आकड्यांचा. असे आठ तक्ते एकाच वेळी बनतात, आणि वाक्यासह व वाक्याविना अशी दोन गणितं बरोबर चालतात, म्हणून ते झाले सोळा. अर्ध्या अचूकतेनेही हे अर्धा जीबी ओलांडतं. आता चित्राची लांबी-रुंदी फक्त दुप्पट करा, १०२४ बाय १०२४. ठिपके चौपट, जोड्या सोळापट, आणि एका पायरीचा तक्ता ८.६ जीबीवर. चित्र थोडं मोठं मागितलं तर यंत्र एवढं का कोसळतं, हा प्रश्न नव्याने बसणाऱ्या प्रत्येकाला पडतो. त्याचं उत्तर या वर्गाच्या गणितात आहे.

यावरचा उपाय मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. गूगलमधल्या राबे आणि श्टाट्स या दोघांनी डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं की हा सगळा तक्ता एकाच वेळी डोळ्यांसमोर मांडायची गरजच नाही. थोड्या ओळी घ्या, त्यांची बेरीज पुढे न्या, ओळी पुसा, पुढच्या घ्या. उत्तर तेच येतं. जागा मात्र वर्गाच्या पटीत वाढायची थांबते. पुढच्या मे महिन्यात स्टॅनफर्डमधल्या ट्राय डाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तंत्र चिपच्या आतल्या इवल्याशा वेगवान मेमरीचा विचार करून बांधलं आणि त्याला फ्लॅशअटेन्शन नाव दिलं. त्यात जागा तर वाचलीच, वेगही वाढला. मेटाच्या एक्सफॉर्मर्स या संचातून अशी तंत्रं घरगुती वापरकर्त्यांपर्यंत पोचली. यातलं कुठलंच काम जीटीएक्स १६५० वाल्यांसाठी केलेलं नव्हतं. फायदा मात्र त्यांचा झाला.

त्यांच्यासाठीचं काम निरनिराळ्या देशांतल्या हौशी प्रोग्रामरांनी केलं, तेही बरंचसं टोपणनावांनी. मॉडेल खुलं झाल्यावर फार दिवस गेले नाहीत तोच त्याची अशी सुधारित आवृत्ती आली की ५१२ चं चित्र २.४ जीबीत निघावं. कल्पना साधी होती. तिन्ही अवयव एकाच वेळी कार्डावर कशाला हवेत? वाक्य वाचून झालं की पहिला भाग रॅममध्ये परत पाठवा. मग यू-नेट आणा. गोंगाट उपसून झाला की त्यालाही उठवा आणि उलगडणाऱ्याला बसवा. पुढे ऑटोमॅटिक११११ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने बनवलेल्या लोकप्रिय साधनात याचे दोन पर्याय आले. 'मेडव्हीरॅम' म्हणजे एका वेळी एकच अवयव कार्डावर. 'लोव्हीरॅम' म्हणजे यू-नेटचेही तुकडे पाडून एकेक तुकडा आत-बाहेर करायचा. दुसऱ्यात चित्र फार सावकाश निघतं, पण निघतं. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या कम्फीयूआयने तर हा हिशेब माणसाच्या हातून काढून घेतला. कार्डावर किती जागा आहे हे ते स्वतःच बघतं आणि काय ठेवायचं, काय हलवायचं ते ठरवतं.

जीटीएक्स १६५० च्या वाट्याला मात्र आणखी एक दुखणं होतं. अर्ध्या अचूकतेने गणित केलं की या मालिकेतल्या कार्डांवर चित्र पूर्ण काळं यायचं, कधी हिरवं. मधल्या कुठल्यातरी पायरीत आकडे बिघडत, 'हा आकडाच नव्हे' अशी किंमत निघे आणि तीच पुढे सगळ्या चित्रभर पसरे. उपाय म्हणून लोक पूर्ण अचूकतेवर परत जात, आणि मग एकटा यू-नेट ३.४४ जीबीचा. ज्या कार्डाला काटकसरीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती करता येत नव्हती. पुढे कोणाच्यातरी लक्षात आलं की गणिताची पद्धत निवडणाऱ्या एका सॉफ्टवेअर-लायब्ररीतला, मुळात वेगाच्या चाचणीसाठी असलेला एक पर्याय चालू केला की हीच कार्डं अर्ध्या अचूकतेने नीट चालतात. एका ओळीचा बदल. तो साधनात येऊन बसला आणि हजारो मैलांवरच्या कोणाच्यातरी जुन्या लॅपटॉपवर काळ्या चौकटीच्या जागी चित्र उमटलं. अशा एका ओळीमागे किती रात्री जातात हे ज्यांनी प्रोग्रामिंग केलंय त्यांना सांगायला नको, आणि म्हणूनच त्या टोपणनावांबद्दल मला आदर वाटतो.

आमच्या सोसायटीत उपयोजित कला शिकणारी एक मुलगी आहे. तिच्या लॅपटॉपवर चार जीबीचं कार्ड, सोळा जीबी रॅम. एकदा ती टास्क मॅनेजर उघडून मला म्हणाली, "काका, हे बघा ना, याच्यात तर बारा जीबी दाखवतंय! मग मेमरी संपली असं का म्हणतंय?"

तिने दाखवलेल्या पडद्यावर खरोखरच 'जीपीयू मेमरी ११.९ जीबी' असं लिहिलेलं होतं. हा आकडा बहुतेक सगळ्यांना फसवतो, म्हणून जरा थांबून सांगतो. विंडोज त्यात दोन गोष्टींची बेरीज करतं. कार्डावरची खरी मेमरी चार, आणि गरज पडली तर संगणकाच्या रॅममधून उसनी घेता येईल अशी साधारण निम्मी रॅम, म्हणजे आठ. त्या खालीच 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे दोन वेगळे आकडे असतात, आणि आपल्या कामाचा आकडा पहिला.

"मग उसनी घेऊ दे की," ती म्हणाली.

घेतं. २०२३ पासून एनव्हिडियाचा ड्रायव्हर तसं करू लागला. जागा संपली की पूर्वीसारखं काम थांबवण्याऐवजी तो गुपचूप रॅममध्ये सांडू देतो. एरर येत नाही, पण काही सेकंदांचं काम मिनिटांवर जातं आणि वापरणाऱ्याला कळत नाही की झालं काय. तक्रारी इतक्या झाल्या की त्याच वर्षी हे बंद करण्याची सोय ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये द्यावी लागली. आम्ही दोघांनी मिळून ते सांडणं बंद केलं, ब्राउझरमधले पसरलेले टॅब मिटवले, दुसरा मॉनिटर काढला. विंडोज आणि ब्राउझर मिळून सहज अर्धा-पाऊण जीबी व्हीरॅम धरून बसतात. चारमध्ये हा फार मोठा वाटा आहे. मग चित्र सुरू केलं. वीस पायऱ्या, एकेक करत आकडा पुढे सरकत होता, लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. विसावी पायरी झाली, आणि एरर.

हा शेवटच्या क्षणीचा दगा छोट्या कार्डांवर नेहमीचा आहे आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गोंगाट उपसण्याचं काम आवळलेल्या रूपावर चालतं, म्हणून तिथे जागा कमी लागते. शेवटी उलगडणारा भाग मात्र पूर्ण आकाराच्या चित्रावर काम करतो. १०२४ च्या चित्रासाठी त्याच्या शेवटच्या थरांपैकी एका थरात १०२४ बाय १०२४ चे २५६ पापुद्रे एकाच वेळी धरावे लागतात. अर्ध्या अचूकतेनेही ते अर्धा जीबी, आणि असे दोन-तीन संच एकदम. उपाय पुन्हा तुकडे पाडण्याचाच. आवळलेलं चित्र चौकटी-चौकटींनी उलगडायचं, चौकटी एकमेकींवर थोड्या चढवायच्या, सांधे पुसून घ्यायचे. 'टाइल्ड' असं नाव असलेला तो पर्याय तिने चालू केला आणि चित्र आलं. सांधा बघायला तिने ते चारशे टक्के मोठं करून कडेकडेने तपासलं. दिसला नाही.

कार्डावर मेमरी इतकी मोजूनमापून का देतात? २०१६ च्या जूनमध्ये आलेल्या जीटीएक्स १०७० वर आठ जीबी होती. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या आरटीएक्स ३०६० वर बारा आली, आणि म्हणूनच घरी चित्रं काढणाऱ्यांत ते कार्ड आजही मागितलं जातं. पण त्याच्या जागी २०२३ मध्ये आलेलं आरटीएक्स ४०६० पुन्हा आठवर उतरलं, आणि मे २०२५ चं आरटीएक्स ५०६० आठवरच राहिलं. नऊ वर्षांत चिपची ताकद कितीतरी वाढली. मध्यम किमतीच्या कार्डाची जागा तेवढीच. यामागे केवळ मेमरीच्या चिपांची किंमत असेल हे पटत नाही. २०२३ मध्येच आरटीएक्स ४०६० टीआय आठ जीबीसह ३९९ डॉलरला आणि सोळा जीबीसह ४९९ डॉलरला विकायला ठेवलं होतं. आठ जीबी जास्त, शंभर डॉलर जास्त. माझं मत स्पष्ट आहे. स्वस्त कार्डात भरपूर मेमरी दिली तर महागडी व्यावसायिक कार्डं कोण घेईल, ही चिंता या आकड्यांत दिसते. गेम खेळणाऱ्याला आठ पुरते. ज्याला मॉडेल चालवायचंय त्याने वरच्या दुकानात जावं अशी ही रचना आहे. एएमडी आणि इंटेल त्याच किमतीत अनेकदा जास्त मेमरी देतात, पण जवळपास सगळी साधनं आधी एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीसाठी लिहिली जातात, त्यामुळे त्या कार्डांवर बसवाबसवीचा त्रास जास्त.

मधल्या काळात एक योगायोग घडला तो सांगण्यासारखा आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे स्टेबल डिफ्यूजन खुलं झाल्यावर महिन्याच्या आतच, इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणणं', म्हणजे मायनिंग, एका दिवसात बंद झालं. त्यासाठी अहोरात्र राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये जुनं कार्ड घेताना 'मायनिंगचं नाही ना?' हा प्रश्न आता ठरलेला आहे. वास्तविक अशा कार्डांत पंखे आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधी जातात, आणि दोन्ही बदलता येतात. दुकानदाराने समोर बसून अर्धा तास कार्डावर पूर्ण ताण देऊन दाखवलं तर मी असं कार्ड नाकारणार नाही.

इकडे मॉडेलं फुगत चालली. जुलै २०२३ मध्ये एसडीएक्सएल आलं, यू-नेट २६० कोटींचा, म्हणजे अर्ध्या अचूकतेनेही पाच जीबीच्या वर. ऑगस्ट २०२४ मध्ये रोम्बाख, ब्लाटमान, एसर यांनी फ्रायबुर्गमध्ये काढलेल्या ब्लॅक फॉरेस्ट लॅब्स या कंपनीने फ्लक्स आणलं. १,२०० कोटी आकडे. नुसता मुख्य भाग २४ जीबी, आणि वाक्य वाचणारा भाग वेगळा, तो आणखी नऊ-साडेनऊ जीबी. तेव्हाच्या घरगुती कार्डांतल्या सर्वांत मोठ्यावरही हे दोन्ही एकदम मावत नव्हते. चार-सहा जीबीवाल्यांचा खेळ संपला असं तेव्हा अनेकांनी म्हटलं.

तो संपला नाही. अर्ध्या अचूकतेच्या पुढची काटकसर तोवर भाषेच्या मॉडेलांनी शिकवून ठेवली होती. जॉर्जी गेर्गानोव यांनी सुरू केलेल्या लामा.सीपीपी प्रकल्पात आकडे चार बिटांत कोंबायची पद्धत पक्की झाली होती. चार बिटांत फक्त सोळा वेगळ्या किमती मावतात. मॉडेलमधल्या सूक्ष्म छटांच्या आकड्यांना सोळा किमतींत बसवायचं म्हणजे सगळं बोजड व्हायला हवं. पण आकड्यांचे छोटे छोटे गट करून प्रत्येक गटाला त्याची स्वतःची मोजपट्टी दिली की नुकसान आश्चर्य वाटावं इतकं कमी होतं. फ्लक्स आल्यावर त्याच महिन्यात या पद्धतीच्या, जीजीयूएफ नावाच्या फाइली तयार झाल्या. २४ जीबीचा मुख्य भाग सातच्या आत आला. पुढे नोव्हेंबरमध्ये एमआयटीतल्या सॉंग हान यांच्या प्रयोगशाळेने आणखी नेटकी रीत काढली. आकड्यांमधले जे थोडे हट्टी, फार मोठे असतात, त्यांना वेगळं काढून जास्त अचूकतेच्या एका अरुंद पट्टीत ठेवायचं आणि बाकीचे निर्धास्त चार बिटांत. चित्र बिघडतं का? बारीक बघितलं तर बिघडतं. मागच्या गर्दीतले चेहरे, पाटीवरची अक्षरं, कापडाचा पोत यांत चार बिटांचं पाणी कळतं. दोन बिटांवर गेलात तर बघायचीही गरज नाही, चित्रच सांगतं. छोट्या कार्डावर फ्लक्सचे तुकडे रॅममधून ये-जा करत राहतात, म्हणून रॅम मात्र भरपूर हवी.

या वाटेचं शेवटचं टोक २०२३ मध्ये व्हितो प्लांतामुरा यांनी दाखवलं. ऑनएक्सस्ट्रीम या त्यांच्या साधनावर एसडीएक्सएल हे मॉडेल रास्पबेरी पाय झीरो २ या तळहातात मावणाऱ्या, ५१२ एमबी रॅमच्या बोर्डावर २९८ एमबीत चाललं. एका चित्राला सुमारे अकरा तास लागले. व्यवहारात याचा उपयोग शून्य, पण एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. मॉडेल चालवायला ते सगळं एकाच वेळी हाताशी असावं लागत नाही. वेळ द्यायची तयारी असेल तर जागा जवळजवळ हवी तितकी कमी करता येते.

आता कोणीही विचारेल, एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर एक वाक्य लिहिलं की चित्र येतं, तेही बरेचदा फुकट. ते खरं आहे, आणि एखाद्या शुभेच्छापत्रासाठी मीही तेच सुचवीन. पण दुसऱ्याच्या यंत्रावरची सोय त्याच्या मर्जीवर असते. २०२३ मध्ये गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेने फुकट खात्यांवर स्टेबल डिफ्यूजनची अशी साधनं चालवणं बंद केलं, आणि घरी कार्ड नाही म्हणून तिथे शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचं शिकणं तिथेच थांबलं. घरच्या फोटोंवर काम करायचं असेल, गेलेल्या आजोबांचा फाटका फोटो सांधायचा असेल, तर तो परक्या सर्व्हरवर चढवायला मन घेत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, मॉडेल आपल्या हातात असेल तरच ते बदलता येतं.

बदलायची गरज आहेच. स्टेबल डिफ्यूजन ज्या लायन संग्रहातून शिकलं, त्यातला त्याच्यासाठी वापरलेला मुख्य भाग इंग्रजी ओळींनिशी आलेल्या चित्रांचा. त्या संग्रहाबद्दल गंभीर प्रश्न आहेत आणि ते टाळून चालणार नाही. चित्रकारांची, छायाचित्रकारांची कामं त्यांना न विचारता त्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्यात मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रतिमांचे दुवेही सापडले आणि संग्रह मागे घ्यावा लागला. घरच्या यंत्रावर कुणी बघत नाही याचा गैरफायदा घेऊन ओळखीच्या मुलींचे खोटे फोटो बनवणारेही आहेत. तो गुन्हा आहे, आणि घरात बसून केला म्हणून लहान होत नाही. मला हे साधन प्रिय आहे म्हणूनच हे लिहायलाच हवं होतं.

आमच्या सोसायटीतल्या त्या मुलीला हवं होतं ते वेगळंच. तिला लेझीम खेळणाऱ्या नऊवारीतल्या मुलींचं भित्तिचित्र करायचं होतं. मॉडेल 'साडी' ओळखतं. निऱ्या पुढे सोडलेली, पदर वाऱ्यावर. काष्टा त्याला माहीतच नाही. देवनागरीत लिहिलं तर काम आणखी बिघडतं, कारण वाक्य वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकडेच घेतो आणि देवनागरी शब्दांचा त्याच्या हाती बारीक चुरा होतो. म्हणून शब्द रोमन लिपीत द्यायचा आणि त्याचा अर्थ चित्रांनी शिकवायचा.

पूर्ण मॉडेल नव्याने शिकवायचं तर आकडे, त्यांच्या दुरुस्त्या आणि दुरुस्त्यांच्या नोंदी धरून एकट्या यू-नेटलाच जवळपास १४ जीबी लागतात. इथे लोरा नावाचं तंत्र उपयोगी पडतं. एडवर्ड हू आणि मायक्रोसॉफ्टमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ते भाषेच्या मॉडेलांसाठी मांडलं, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस ते चित्रांच्या मॉडेलांत आलं. मूळ मॉडेलला हातच लावायचा नाही. वाक्य वाचणाऱ्या भागात ७६८ बाय ७६८ चे तक्ते असतात, ५,८९,८२४ आकड्यांचे. असा एक तक्ता आख्खा बदलण्याऐवजी त्याच्या शेजारी दोन अरुंद पट्ट्या ठेवायच्या, आठ आकडे रुंदीच्या. दोन्ही मिळून १२,२८८ आकडे. निव्वळ योगायोगाने पुन्हा अठ्ठेचाळीसावाच हिस्सा. शिकायचं ते फक्त या पट्ट्यांनी.

तिच्या चार जीबीवर तेही नीट बसेना, सहा-आठ लागतात. तिने कॉलेजच्या लेझीम पथकातल्या मुलींना विचारून, त्यांची परवानगी घेऊन फोटो काढले. पुढून, पाठीमागून, वाकलेल्या, उडी मारताना. प्रत्येक फोटोखाली वर्णनाची ओळ लिहिली, आणि त्यात काष्टा कुठे दिसतो ते मुद्दाम वेगळं नोंदवलं. एका मैत्रिणीच्या आठ जीबीच्या कार्डावर ते रात्रभर लावलं. सकाळी काही डझन एमबीची फाइल हाती आली, ती तिने व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवली आणि आपल्या लॅपटॉपवर बसवली. मूळ मॉडेल तेच, जागा तीच चार जीबी.

आता काष्टा येतो. पाठीमागून बघितलं तर तो कुठे खोवलाय तेही बरेचदा बरोबर असतं. लेझीम मात्र अजून जमत नाही. तिची साखळी दांड्यात वितळून जाते, चकत्या कधी हाताला चिकटतात. फोटोंत लेझीम फार छोटी आणि हलती आहे, असं ती म्हणते. पुढच्या फेरीसाठी पथकाच्या सरांकडून तिने दोन लेझिमा मागून आणल्या आहेत, आणि त्यांचेच जवळून, स्थिर धरून, वेगवेगळ्या उजेडात फोटो काढायचं काम चालू आहे.